सहा रिंगांनंतर

ईपन सारांच्या घरी ती पेटी मीच बसवली होती, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगायचं कामही माझ्याकडेच येतं.

मी शिवदासन, वायरमन. त्या वर्षांत केरळात कोझंचेरीच्या आसपास माझ्या हातच्या बत्तीस पेट्या होत्या. माणसं कुवेतला, मस्कतला, घरं इथे. दुमजली, चकचकीत फरशीची, आणि आत कोणी नाही, किंवा असलंच तर एखादं म्हातारं माणूस. तिकडून घरचा नंबर फिरवायचा. सहा रिंग झाल्या आणि कोणी फोन उचलला नाही, की पेटी आपण होऊन उचलते आणि एक लांब शिट्टी देते. मग आपला तीन आकडी गुप्त नंबर दाबायचा. त्यापुढे एक-एक दाबलं की पाण्याची मोटर चालू, एक-शून्य दाबलं की बंद. दोन म्हणजे व्हरांड्यातला दिवा, तीन गिझर, चार झोपायच्या खोलीतला पंखा. काम झालं की दोन छोट्या शिट्ट्या. एवढंच शास्त्र.

पण त्या एवढ्याशा शास्त्रापायी माझे गुडघे गेले. आभाळ गडगडलं की चार पेट्या जळायच्या आणि मस्कतहून चार फोन यायचे, “चेट्टा, व्हरांड्यातला दिवा लागत नाही हो.” चेट्टा म्हणजे आमच्याकडे दादा. ज्या घरात राहायला माणूस नाही तिथला दिवा लागत नाही म्हणून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडी चढायचो. बायको म्हणायची, “त्या दिव्याखाली बसणार कोण?” मी म्हणायचो, “किडे.”

ईपन सारांचं घर मात्र रिकामं नव्हतं. सार, म्हणजे आमच्याकडचे सर, तिथे होते. बाजारात त्यांची टायपिंगची शाळा होती. तीस वर्षं आमच्या भागातल्या निम्म्या कारकुनांना आणि नर्सांना बोटं चालवायला त्यांनी शिकवली. पुढे कॉम्प्युटर आले, शाळा बंद झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची बायकोही गेली. त्यानंतर सार विसरायला लागले. मोटर चालू करून मागच्या परसात जायचे आणि तिकडेच राहायचे. दोनदा मोटर जळाली. संध्याकाळी दिवा न लावता तसेच बसून राहायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी लिसम्मा कुवेतला नर्स होती, डायलिसिसच्या विभागात. जानेवारीत रजेवर आली तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. मी भिंतीला भोकं पाडत होतो आणि सार खुर्चीत बसून बघत होते.

“शिवदासा, मला बटण दाबता येत नाही असं हिला वाटतं,” ते म्हणाले. “आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?”

“दाबता येतं हो अप्पच्चन. पण दाबलंय हे लक्षात राहत नाही,” लिसम्मा म्हणाली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. रजेचे पहिले आठ दिवस ती अशीच कुठेही टेकून डोळे मिटायची. “आता नीट ऐका. सकाळी साडेसातला आणि आठला फोन वाजेल. संध्याकाळी साडेसहाला वाजेल. तो माझा, पेटीसाठी. उचलायचा नाही. तुम्ही उचललात तर पेटी उचलणार नाही.”

“आणि बोलायचं कधी?”

“रविवारी दुपारी करीन ना. तेव्हा उचला.”

“वाजतो तर दोन्ही वेळेला सारखाच.”

“अप्पच्चन!”

“बरं, बरं. नाही उचलत.”

मी त्यांना मोबाइल घ्यायचं सुचवलं. ते म्हणाले, “त्याची बटणं माझ्या बोटापेक्षा लहान आहेत. एक दाबायला जावं तर तीन दाबली जातात. टायपिंगच्या मास्तराने असं करणं बरं दिसत नाही.” विषय तिथेच संपला.

लिसम्मा परत गेली. पेटी नीट चालली. मोटर जळाली नाही, संध्याकाळी व्हरांडा उजळायचा. येताजाता मला सार दिव्याखाली वर्तमानपत्र घेऊन बसलेले दिसायचे. मी हात करायचो, ते चष्म्यावरून बघून मान हलवायचे. एक तक्रार तेवढी आली, तीही रान्नीहून. सारांची धाकटी बहीण चिन्नम्मा तिथे राहते. बाजारात भेटली तेव्हा तिने मला अडवलं.

“तूच ना तो पेटीवाला? माझ्या भावाला फोन केला की कानात शिट्टी वाजते. मी काय कुत्रं आहे?”

“सहा रिंगांच्या आत सारांनी उचलायला हवा, चेची.”

“तो उचलतच नाही. मुलीचा असेल म्हणतो. मुलीचा फोन असला की उचलायचा नाही, ही कुठली तऱ्हा?”

मी म्हटलं, बघतो. बघितलं काहीच नाही. त्या आठवड्यात पाच पेट्या जळाल्या होत्या.

ओणम झाला, आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सारांच्या शेजारची पोन्नम्मा सकाळी सात वाजता माझ्या दारात उभी राहिली. “सारांची टाकी रोज वाहते. माझ्या सरपणाच्या खोपीत पाणी शिरलंय. हाका मारल्या तर ते ओ देत नाहीत.”

“किती दिवस झाले?”

“चार. नाही, पाच.”

मी चहा तसाच टाकून निघालो.

घराला बाहेरून कुलूप होतं. व्हरांड्यात वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पडल्या होत्या, मोजल्या, सहा. चपला नव्हत्या. छत्री नव्हती. म्हणजे सार पायांनी चालत बाहेर गेले होते हे नक्की, पण कुठे, आणि सहा दिवस? मी बाजूच्या खिडकीतून डोकावलो. पलंगावर चादर नीट घातलेली, आणि वर पंखा गरागरा फिरत होता.

पोन्नम्मा माझ्यामागून डोकावली आणि तिने छातीवर क्रूस काढला. “कोणी नाही, आणि पंखा?”

तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. साडेसात. आम्ही दोघं खिडकीशी उभे. सहा रिंग झाल्या, पेटीचा खटका पडल्याचा आवाज मला बाहेरून ऐकू आला. मग विहिरीवरची मोटर घुरघुरली. आणि थोड्या वेळाने पंख्याची पाती हळूहळू वेगळी दिसायला लागली, थांबली.

मी असल्या कितीतरी पेट्या बसवल्या होत्या, पण एखाद्या घरात उभं राहून हे कधी पाहिलं नव्हतं. तिकडे कुवेतला पहाटेचे पाच वाजले असणार. लिसम्मा हॉस्पिटलच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभी असणार, आणि बापाची रात्र संपली म्हणून तिने त्याचा पंखा बंद केला, आंघोळीला पाणी हवं म्हणून मोटर लावली. बाप घरात नव्हताच. दहा मिनिटांत टाकी भरून पोन्नम्माच्या खोपीकडे पाण्याची धार सुरू झाली.

“बंद कर ना ती!” पोन्नम्मा म्हणाली.

“आठला बंद होईल.” बाहेरून वीज तोडता आली असती, पण मला त्या आठच्या फोनची गरज होती.

पेट्या तपासायला माझ्याकडे एक जुना फोन होता, वायरीच्या टोकाला दोन चिमटे लावलेला. फोनची तार घरात शिरते तिथे छपराखाली छोटी डबी असते. मी पोन्नम्माचं स्टूल आणलं, डबी उघडली, चिमटे लावले आणि वाट बघत उभा राहिलो. गुडघे कुरकुरत होते. आठला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. तिसऱ्या रिंगला मी उचलला.

“हॅलो.”

पलीकडून कोणी हॅलो म्हटलं नाही. बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. मग माझ्या कानात आकडे वाजायला लागले, टूं, टीं, टूं. तीन आकडे. जरा थांबून एक, शून्य.

“लिसम्मा! लिसम्मा, आकडे दाबू नकोस. मी शिवदासन बोलतोय.”

पुन्हा एक, शून्य. मी ओरडलो तेव्हा कुठे तिने फोन कानाला लावला असावा.

“कोण? चेट्टा? तुम्ही कसे? अप्पच्चन कुठे आहेत?”

“तेच मी तुला विचारणार होतो.”

बसमध्ये मागे कोणीतरी खोकत होतं.

“घराला कुलूप आहे,” मी म्हटलं. “सहा दिवसांची वर्तमानपत्रं पडलीत. चपला, छत्री नाही. घाबरू नकोस, ते कुठेतरी गेलेत. तुला काही म्हणाले होते का? शेवटचं बोलणं कधी झालं?”

“परवाच तर...” ती म्हणाली. मग म्हणाली, “नाही. परवा मी दिवा लावला.” मग, “ओणमला केला होता फोन. तेव्हा पेटीनेच उचलला. मला पुढची ड्यूटी होती, मी गिझर लावून ठेवून दिला.” शेवटी म्हणाली, “चेट्टा, जूनमध्ये. जूनमध्ये बोलले मी अप्पच्चनशी.”

मी स्टुलावर उभा होतो, छपराची कौलं डोक्याला लागत होती.

“रविवारी माझी ड्यूटी लागायला लागली,” ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. “मग म्हटलं सोमवारी करीन. सोमवारी ते उचलायचे नाहीत. त्यांना वाटायचं पेटीचा आहे. आणि मी... दोन शिट्ट्या आल्या की मला वाटायचं घरी सगळं ठीक आहे.”

“रान्नीचा नंबर दे,” मी म्हटलं. “चिन्नम्मा चेचीचा.”

तिने तोंडपाठ सांगितला. मी तिला म्हटलं, दहा मिनिटांनी पुन्हा कर, मीच उचलेन. मग मीटरपाशी जाऊन मोटरची वीज तोडली आणि त्याच चिमट्यांच्या फोनवरून रान्नीला लावला. उचलला चिन्नम्मानेच.

“चेची, ईपन सार तिकडे आहेत का?”

“आहेत म्हणजे? गेल्या गुरुवारपासून आहे. समोर बसून पेज पितोय. का?”

मी स्टुलावरून उतरलो, फोनची तार ताणून भिंतीशी उकिडवा बसलो. सार फोनवर आले.

“कोण? शिवदासा? काय झालं, पेटी जळाली का?”

“पेटीचं सोडा हो सार! कुणाला सांगून तरी जायचं! इथे आमचा जीव जायची वेळ आली.”

“सांगून आलोय. लिसीला सांगितलं.”

“तिला काही माहीत नाही.”

“असं कसं? बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम लगेच उचलला. म्हटलं, पोरी, मी चिन्नम्माकडे जातोय, थोडे दिवस राहीन, तू दिवे लावू नकोस. सगळं नीट सांगितलं.”

“ती काय म्हणाली?”

“ती आकडे दाबत होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, ऐकता ऐकता दाबतेय. नर्सांचं तसंच असतं, हात चालू, कान चालू. मग तिने ठेवून दिला.”

“सार, रागावून गेलात का तुम्ही?”

“रागावू कशाला? ती पोर बारा बारा तास उभी असते.” मागे चिन्नम्मा काहीतरी मोठ्याने सांगत होती. “इथे बरं आहे रे. इथे माणसं बोलतात. चिन्नम्मा तर झोपेतही बोलते.”

दहा मिनिटांनी लिसम्माचा फोन आला. सार सुखरूप आहेत हे मी आधी सांगितलं आणि बुधवारचं नंतर सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून कळत नाही. ती म्हणाली, “त्या दिवशी शिट्टी आली नव्हती. नुसता कसला तरी आवाज येत होता. मला वाटलं, लाइन खराब आहे.” आणि, “आमची बस पोचली, चेट्टा. मला आत जायला हवं.”

त्या दिवशी संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लागला नाही. पोन्नम्माने मला विचारलं, आता अंधारच ठेवणार का? मी म्हटलं, हो.

महिन्याभराने लिसम्मा दहा दिवसांची रजा काढून आली. उतरली ती सरळ रान्नीला गेली आणि चौथ्या दिवशी सारांना घेऊन घरी आली. मला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, पेटी काढायला सांगणार. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

सार आत झोपले होते. लिसम्मा व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मला तिने उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि माशाचं तिखट कालवण आणून दिलं. स्वतः काळा चहा घेतला, तो हातातच निवला. चाळीस-एक्केचाळीसची असेल, पण पाय सुजून जाडजूड झाले होते, आजारी माणसासारखे.

“रागावले नाहीत,” ती म्हणाली. “चार दिवस झाले, एका शब्दाने बोलले नाहीत त्याबद्दल. चिन्नम्मा आत्यानेच जे बोलायचं ते बोलून घेतलं. अप्पच्चन मला म्हणतात, झोप, झोप. मी झोपतेय. उठून बघते तर खुर्ची ओढून बाजूला बसलेले असतात.”

“बरं आहे की मग.”

“चेट्टा, एक सांगू?” तिने आवाज खाली आणला. “पेटीशी मला बरं वाटायचं. पेटी विचारत नाही, जेवलीस का, कधी येणार, आवाज असा का येतोय. बोलायचं म्हटलं तर मला खोटं बोलावं लागतं, मी मजेत आहे म्हणून. दिवसभर तिकडच्या माणसांशी बोलून बोलून माझ्यात बोलणं उरतच नाही. एक-एक दाबायचं, दोन-एक दाबायचं. मला वाटायचं, हे म्हणजे काळजी घेणंच आहे.”

“होतंच ते,” मी म्हटलं. “मोटर एकदाही जळाली नाही.”

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

तेवढ्यात सार उठून बाहेर आले. माझी पिशवी बघून म्हणाले, “काढायला आलास?”

“तुम्ही सांगाल तसं.”

“काढू नकोस. मी खरंच विसरतो.” ते खुर्चीत बसले. “सहाच्या ऐवजी जास्त रिंग होतील का? पंचवीस वगैरे?”

“पंचवीस होणार नाहीत. पंधरापर्यंत जाते.”

“पंधरा कर. परसातून यायला मला तेवढ्या लागतात. मी पोचलो तर मीच उचलेन. नाही पोचलो तर पेटी उचलेल, आणि मग ही पोन्नम्माला फोन करून विचारेल की म्हातारा कुठे पडलाय ते बघ.”

“आणि उचलल्यावर मी रोज काय बोलू, अप्पच्चन?” लिसम्माने विचारलं. उलट बोलायचं म्हणून नाही, खरंच विचारलं.

“मोटर लाव म्हण. मी लावतो. बंद कर म्हण, बंद करतो. तेवढं पुरे.”

मी पेटीचं झाकण काढून आतला छोटा खटका फिरवला. पाच मिनिटांचं काम.

लिसम्मा गेली. सार दोन-तीन आठवडे घरी, मग आठवडाभर रान्नीला, असे राहायला लागले. जाताना पोन्नम्माला सांगून जायचे, आणि लिसम्मालाही, ती हो म्हणेपर्यंत फोन न सोडता. माझ्या बाकीच्या पेट्या तशाच चालू होत्या. त्यातल्या ज्या घरांत कोणी राहत होतं, त्या नऊ घरांपैकी सात घरांच्या रिंग मी विचारून विचारून वाढवून दिल्या. दोघांनी वाढवू दिल्या नाहीत. इतका वेळ फोन धरून उभं राहायला सवड नसते, म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

डिसेंबरात एकदा सारांच्या गिझरची वायर बदलायला गेलो होतो. संध्याकाळची साडेसहाची वेळ. फोन वाजला. सार परसातून मिरीच्या वेलींचं काम टाकून आले, मातीचे हात लुंगीला पुसत, भिंत धरत धरत. उचलून म्हणाले, “बोल पोरी.” मग ऐकलं. “दिवा लावला,” म्हणाले. लावला नव्हता, फोन कानाशी धरून, हात लांब करून, त्यांनी तो तेव्हा लावला.

पुढे बोलणं नव्हतं. मी वायर सोलत होतो. दोन मिनिटं गेली असतील, सार फोन धरून तसेच उभे.

“कट झाला का, सार?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, फोनवर हात ठेवला आणि हळूच मला सांगितलं, “जिन्यात बसलीये. दमलीये. आहे ती लाइनवर.”

मी पक्कड खाली ठेवली आणि खुर्ची उचलून त्यांच्या पाठीशी नेऊन ठेवली. ते बसले.